कॅम्पात सापडलेली झडप

२ जानेवारी १९८८, यावल

ही डायरी कंपनीने फुकट दिली. आमचे हे म्हणाले, "चार दिवस लिहिशील, पाचव्या दिवशी धोब्याचा हिशेब." म्हणून मुद्दाम लिहिणार आहे.

तर मी पुष्पा चुडामण फेगडे. हे हायस्कुलात चित्रकला शिकवतात आणि मी दिवाळीपासून विम्याची एजंट आहे. मरणाचा विमा नव्हे, दवाखान्याचा. आजारी पडा, दवाखान्यात भरती व्हा, खर्च कंपनी देईल. लोकांना हे पटतच नाही. मरणाचा विमा म्हटलं की दोन पावलं मागे सरकतात, दवाखान्याचा म्हटलं की चार. "आम्ही आजारी पडावं असं वाटतं का तुम्हाला?" असं एक बाई हळदीकुंकवाची वाटी हातात घेऊन म्हणाली. मी तिची पॉलिसी काढूनच उठले.

आतापर्यंत नऊ झाल्या. मार्चअखेर दहा झाल्या तर मी कायम, नाही तर एजन्सी गेली. आणि दहावी कोणाची, ते माझ्या मनात पक्कं आहे. आमचे जेठ, यांचे थोरले भाऊ, तोतारामभाऊ. केळीची एवढी मोठी बाग, दारात ट्रॅक्टर, बोटात पुष्कराज. त्यांनी घेतली की मागोमाग सगळी गल्ली घेईल.

अडचण एकच. जेठाशी समोरासमोर बोलायचं नाही ही आमच्या घरातली जुनी रीत. म्हणजे मी पदर डोक्यावर घेऊन भिंतीला सांगायचं, आणि त्यांनी खांबाला उत्तर द्यायचं. अशाने विमा विकून दाखवा म्हणावं कोणी.

५ जानेवारी

आज बागेत गेले होते. जाऊबाई शेवंताबाई बरोबर होत्या म्हणून बोलणं झालं. भाऊ निंबाकडे तोंड करून म्हणाले, "सांग तिले, मी कधी सर्दीनं बी पडलो नाही. इमा कायले काढू?" मी जाऊबाईंना म्हटलं, "त्यांना सांगा, न पडणाऱ्यांचाच काढतात. पडल्यावर कोणी काढत नाही." भाऊ निंबाला म्हणाले, "पाहू." पाहू म्हणजे अर्धं काम झालं!

तेवढ्यात त्यांचा सालाच्या बोलीवरचा गडी, सालदार आमश्या, डोक्यावर घड घेऊन आला आणि बांधापाशी येऊन मटकन खालीच बसला. घड मांडीवर, तोंड उघडं. भाऊ ओरडले, "ऊठ रे, दहा पावलं चालला की बैठक मारतो! पावरे सगळे असेच." आमश्या हसला आणि उठला. तो नेहमी हसतो. सातपुड्याच्या पायथ्याकडचा पावरा आदिवासी, शिरपूरच्या बाजूचा. वय त्यालाही माहीत नाही, तिशीचा असेल, दिसतो चाळिशीचा.

त्याची बायको जमना निंदणी करत होती. ती म्हणाली की रात्री त्याला आडवं होता येत नाही, पाठीशी पोती लावून बसूनच झोपतो. धुळ्याला एका डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी टेबलापलीकडूनच पाहिलं आणि ताकदीची लाल बाटली दिली. मी म्हटलं, "थंडी किती पडली आहे, आम्हालाही झोप येत नाही. सुंठ दे." माझ्या सुंठीने पुष्कळांना गुण आला आहे.

येताना गिरणीवर आमश्याच पुढे उभा होता, भाऊंचं दळण घेऊन. गिरणीवाला रतिलालने विचारलं, "नाव?" तर म्हणे, "तोताराम." मी हसले. रतिलाल म्हणाला, "बाई, सालदार मालकाचंच नाव सांगतो. सोसायटीत, स्टेशनवर, सगळीकडे. त्याचं नाव घेऊन आम्ही काय करू?" खरंच आहे म्हणा.

१० जानेवारी

हुश्श! झाला एकदाचा कॅम्प!

ही कल्पना आमचे अधिकारी अभिमन सोनवणे साहेब यांची. मुंबईचे हृदयाचे मोठे डॉक्टर त्यांच्या ओळखीचे. एक दिवस यावलला आणायचे, पॉलिसी घेणाऱ्यांची छाती फुकट तपासायची, म्हणजे लोक येतील. लोक आले! ज्यांना कशातलं काही नाही असे सगळे धट्टेकट्टे बागायतदार इस्त्रीचे कपडे घालून, छातीला पावडर लावून आले. मी दारात बिल्ले वाटत होते, नव्या पैठणीत.

भाऊ कबूल करूनही वेळेवर येईनात. बागेत ट्रक भरणं चालू होतं. त्यांनी आमश्याला पुढे पाठवलं, नंबर धरून बसायला. अंगात भाऊंचाच जुना निळा टेरिलिनचा शर्ट, संक्रांतीच्या आधीच मिळालेला. मी भाऊंचा बिल्ला त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "भाऊ येईपर्यंत इथून हलायचं नाही." मग मला डॉक्टरांच्या बाईसाहेबांना चहा द्यायला जावं लागलं. बाई फार गोड, पण भरीत पाहून घाबरल्या.

परत आले तर भाऊ आलेले! बाहेरच्या टेबलावर कंपाउंडरने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला होता, फुस्स फुस्स करून. मी आत डोकावून विचारलं, "तोताराम फेगडे राहिलेत का?" आतून आवाज आला, "झालेत ते!" भाऊ खूश. खांबाला म्हणाले, "एवढंच? शर्ट बी काढाले नाही लावला. मुंबईचा माणूस हुशार!"

दहावी झालीच म्हणायची. यांनी रात्री मला जिलबी आणली.

११ जानेवारी

आज आमश्या केळी घेऊन आला तो फार खुशीत. म्हणतो, "डॉक्टर भला माणूस शे, बाई. माले खाटवर झोपाडं, कूसवर फिरवं, भलता येळ आयकत बसना. 'श्वास धर' म्हने."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "मेल्या, ती खाट पेशंटसाठी होती! मी तुला बाकावर बसायला सांगितलं, तू जाऊन झोपलास काय? चादर मळली तर नाव माझं जाईल." तो हसला. म्हणाला, आजवर कोणी त्याच्या छातीला हात लावून इतका वेळ बसलं नव्हतं. डॉक्टर सालदारांशीही गप्पा मारतात, मोठ्या शहराचे संस्कार. शिकण्यासारखं आहे.

१३ जानेवारी

माय व!

सोनवणे साहेब दुपारी जळगावहून मोटरसायकलवर आले. ओट्यावर चढलेच नाहीत, अंगणातच म्हणाले, "पुष्पाताई, तोतारामभाऊंच्या हृदयाची एक झडप आखडली आहे. डॉक्टरांनी गाडीत बसताना मला बाजूला घेऊन सांगितलं. जड काम बंद, जिने बंद, आणि दोन-तीन महिन्यांत मुंबईला नेऊन झडप उघडून घ्यायची. नाही तर पाणी भरेल छातीत. कॅम्पातले बाकी सगळे घोड्यासारखे, हे एकटेच."

सगळ्या गावात एकटे आमचेच भाऊ! आणि मी वर तोंड करून त्यांना म्हटलं होतं, न पडणाऱ्यांचाच काढतात म्हणून.

घरात जो आकांत झाला तो लिहवत नाही. भाऊ ऐकता ऐकताच पांढरे पडले आणि म्हणाले, "मले सकाळपासून बारीक दुखतच व्हतं." जाऊबाई रडल्या नाहीत. तडक देवघरात गेल्या आणि मनुदेवीला बोलल्या, "आई, कॅम्पात सापडलेली ती झडप उघडू दे. ती उघडेपर्यंत मी केळं तोंडात घालणार नाही, आणि उघडल्यावर गावजेवण घालेन." आमच्या जाऊबाईंचं सगळं जेवण केळ्याशिवाय अडतं. पोळीबरोबर केळं, भाकरीबरोबर केळं. मला भडभडून आलं.

पॉलिसी अर्थातच गेली. आधीपासूनचा आजार कंपनी घेत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ कसला नि काय. भाऊ माडीवर खाटेवर. जिने बंद म्हणून आमश्याने त्यांना पाठुंगळी घेऊन वर नेलं. वर पोचल्यावर आमश्या पायरीवर बसला तो कितीतरी वेळ उठेना, ओठ काळेनिळे. भाऊ खाटेवरून म्हणाले, "पाहा, निरोगी माणसाचे हे हाल, तर माझं काय होत असेल!"

तिथून पुढे आमश्याचा मुक्काम माडीवरच. पाय चेपायचे, पाणी चढवायचं, बंबातलं गरम पाणी खाली-वर. बागेत दुसरा माणूस लावला आहे. जमना म्हणाली, बरं झालं, घड उचलायचे वाचले.

२० जानेवारी

भाऊंना जळगावला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी नळी लावली, कागदाच्या पट्टीवर रेघोट्या काढल्या, पुन्हा नळी लावली. म्हणाले, "मला तर काही ऐकू येत नाही. पण मुंबईच्या साहेबांनी ऐकलं म्हणजे असणारच. त्यांचे कान वेगळे." भाऊंना ते फार पटलं. घरी येऊन ज्याला त्याला सांगतात, "माझा आजार असा बारीक, की जळगावच्या कानाले ऐकूच येत नाही."

काम ना धाम. वजन मात्र वाढलं आहे त्यांचं. जाऊबाई केळ्याविना वाळल्या.

२ फेब्रुवारी, मुंबई

लॉजच्या खोलीत बसून लिहिते. आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिणार, मग कोणी मला काही म्हणो.

आलो आम्ही पाचजण: भाऊ, जाऊबाई, हे, मी, आणि सामान उचलायला आमश्या. ट्रंक, पाण्याची कळशी, दशम्यांची गाठोडी, डॉक्टरांना द्यायला केळ्यांच्या फण्याच्या फण्या. दवाखान्याची लिफ्ट बंद होती. भाऊंना चाकाच्या खुर्चीवरून दोन वॉर्डबॉयनी वर नेलं, आणि आमश्या ट्रंक घेऊन जिन्याने. आम्ही आत गेलो तेव्हा तो खालच्या मजल्यावर कुठेतरी बसला होता.

डॉक्टरांनी भाऊंच्या छातीला नळी लावली. कुशीवर वळवलं. उठवलं. पुन्हा झोपवलं. मग नळी कानातून काढून म्हणाले, "हे कोण?"

हे म्हणाले, "तोताराम फेगडे. यावलचा कॅम्प."

"मी असं हृदय ऐकलेलं नाही यावलला. यांचं हृदय बैलाचं आहे. मी ऐकलं तो माणूस बारीक होता, निळ्या शर्टाचा, आणि..." बोलता बोलता थांबले. दारात आमश्या येऊन पोचला होता. डोक्यावर ट्रंक, तोंड उघडं, श्वास सगळ्या खोलीत ऐकू येतो आहे. डॉक्टर खुर्चीवरून उठून धावत गेले, त्याच्या डोक्यावरची ट्रंक स्वतःच्या हाताने खाली घेतली आणि म्हणाले, "तोताराम! तुम्ही हे ओझं का उचललंत?"

आमश्या म्हणाला, "मालकनं शे."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. बिल्ला मी दिला होता त्याच्या हातात. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः येऊन सांगितलं होतं, खाटेवर झोपवलं, श्वास धर म्हणाले. आणि मी चादरीची काळजी केली! डॉक्टरांनी त्याला विचारलं, "मी नाव विचारलं तेव्हा तोताराम का सांगितलंस?" तो म्हणाला, "साहेब, नाव इचारतस तवय मालकनंच सांगतस." डॉक्टरांना कळेना. हे सालदाराचं समजावून सांगू लागले, तर डॉक्टर म्हणाले, "म्हणजे यानं खरं नाव सांगितलं असतं तर मी याला तपासलंच नसतं?" कॅम्प पॉलिसीवाल्यांचा होता.

मग भाऊ खाटेवरून टुणकन उठले, चाकाची खुर्ची बाजूला सारली आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्याकडे पाहून म्हणाले, "पुष्पा! मले काहीच नाही व!"

४ फेब्रुवारी

घरी आलो. पेढे वाटले. भाऊंनी माडीचा जिना सगळ्यांदेखत तीनदा चढून दाखवला.

आमश्याचं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आहे. लहानपणी घसा दुखून, सांधे धरून ताप येतो, त्याकडे कोणी पाहत नाही, आणि तो ताप जाता जाता झडपेला खाऊन जातो. डोंगरात, झोपडपट्टीत, जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे हे पोत्याने आहे, म्हणाले. सरकारी दवाखान्यात ते स्वतः झडप उघडून देतील, खर्च किरकोळ. पण एप्रिलच्या आत. आणि एक जबाबदार माणूस बरोबर पाहिजे, रक्त द्यायला कोणी पाहिजे.

भाऊ म्हणाले, "करू ना. केळी कापणीवर आहेत, ती उरकू दे." आता ते माझ्याशी थेट बोलतात. रीत मुंबईतच राहिली.

१२ फेब्रुवारी

सोनवणे साहेब आले होते, हसत हसत. डॉक्टरांनी कळवलं, भाऊंची पॉलिसी मंजूर होईल. म्हणजे माझ्या दहा! मी म्हटलं, "आणि आमश्याची काढून द्या."

"पुष्पाताई, घराला आग लागल्यावर घराचा विमा?"

"आग लागायच्या आधी त्याच्या घराकडे गेलं होतं का कोणी आपल्यापैकी?"

साहेब चहा ढवळत बसले. वाईट माणूस नाही. म्हणाले, "नियम मी केलेला नाही."

इथे खरं लिहून ठेवते, कारण ही डायरी माझी आहे. डॉक्टरांनी कळवायच्या आधी दोन-चार दिवस माझ्या मनात आलं होतं की बोलूच नये. कंपनीच्या दृष्टीने वाईट हृदय भाऊंचं होतं आणि आमश्याला हृदयच नव्हतं. गुपचूप त्याची पॉलिसी काढली असती तर? पण मग भाऊंची गेली असती आणि माझी दहावीही. मी तसं केलं नाही ते प्रामाणिकपणाने की दहावीसाठी, ते मला अजून ठरवता येत नाही.

१ मार्च

होळी दोन दिवसांवर. आमश्या आणि जमना त्यांच्या पाड्यावर गेले. होळीला पावरे जिथे असतील तिथून घरी जातात, कोणी अडवू शकत नाही. जाताना आमश्याने मला विचारलं, "बाई, ती झडप आपोआप उघडस का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "बठ्ठा सांगतस भगत उघाडी देस." सगळे म्हणतात, पाड्यावरचा मांत्रिक उघडून देतो.

भाऊंना मी आज तोंडावर विचारलं, कधी नेताय? ते म्हणाले, "एप्रिलात आखाजीले त्याचं साल संपतं. मग पुढचा मालक पाहील. मी पाप करतो का काही? पगार कापला नाही त्याचा." आणि खरंच कापला नाही. ते असं बोलले तेव्हा त्यांचा चेहरा इतका सरळ होता की मला भांडताच येईना. घरी येऊन यांच्याशी भांडले.

२० मार्च

आमश्या आला. पाय सुजून खांबासारखे. पाड्यावरून रस्त्यापर्यंत चौघांनी झोळीत घालून आणला, मग एसटी. जमना म्हणाली, पाणी नको म्हणतो, बोलत नाही. त्याचं हसणं गेलं आहे.

मी सरळ जाऊबाईंकडे गेले. भाऊ जेवायला बसले होते, पानात केळं सोललेलं. भाऊ बायकोला म्हणत होते, "आता खा ना व तू बी. मी बरा आहे, नवस फिटला तुझा."

जाऊबाई म्हणाल्या, "फिटला कसा? मी तुमचं नाव घेतलंच नव्हतं. देवीला म्हटलं, कॅम्पात सापडलेली झडप उघडू दे. ती उघडली का?"

"ती आमश्याची निघाली ना!"

"कोणाची ते देवी पाहील. शब्द दिला तो दिला. ती झडप मिटूनच गेली, तर देवी मला विचारणार नाही, तुमच्या अंगावर काढेल. मग बसा पुन्हा माडीवर."

भाऊंचा घास हातातच राहिला. मी कोपऱ्यात उभी राहून मनातल्या मनात मनुदेवीला हात जोडले. आधीचा दीड महिना मी कायद्याने बोलले, दयेने बोलले, काही उपयोग झाला नाही. जाऊबाईंना मी नंतर विचारलं, तुम्हाला खरंच असं वाटतं की भाऊंना हलवायला म्हणालात? त्या रागावल्या. "देवीशी थट्टा करते का मी? मला चाळीस केळी रोज दिसतात, एकाला हात लावला नाही." म्हणजे खरंच.

६ एप्रिल, मुंबई

सरकारी दवाखाना. आमश्या, जमना, भाऊ, मी. हे शाळेच्या परीक्षांत अडकले.

रक्ताचा प्रश्न. त्याचे भाऊबंद रक्त काढतात म्हटल्यावर पाड्याबाहेर आलेच नाहीत. निघायच्या आधी आमच्या भावकीतल्या दोघांना भाऊंनी विचारलं, तर ते म्हणाले, "पावऱ्याले? आपलं?" आणि कामाला लागले. माझं घेतलं नाही, माझं कमी भरलं. मी हिमोग्लोबिन नसताना इतकी बडबडते म्हणून नर्सला आश्चर्य वाटलं.

शेवटी भाऊ उठले. म्हणाले, "मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं, बैलाचं हृदय आहे. काढा." सुई पाहून डोळे फिरवले त्यांनी आणि खाटेवरच आडवे झाले. पण बाटली भरली. मग चहा-बिस्किटं मिळाली ती खाऊन सगळ्या वॉर्डात सांगत सुटले, रक्त कोणी दिलं ते. संध्याकाळपर्यंत तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक झालं.

८ एप्रिल

झडप उघडली!!

डॉक्टरांनी छातीत बोट घालून उघडली म्हणे. बोट घालून! असा हुशार मनुष्य आणि बाईसाहेब मात्र साध्या भरताला घाबरतात. बाहेर येऊन म्हणाले, "आठवडाभर उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो." जमनेला काय कळलं कोण जाणे. तिने त्यांच्या पायाला हात लावला, मग भाऊंच्या, मग माझ्या. मी पाय मागे घेतला. लाज वाटली मला.

संध्याकाळी आमश्या आडवा झोपला होता. नुसता आडवा. जमना मला हात धरून दाखवायला घेऊन गेली, जणू काही लेणं दाखवते आहे.

२२ एप्रिल

आखाजी झाली. आमश्याचं साल संपलं. भाऊंनी त्याला पुन्हा ठेवलं आहे, बसून राखणीच्या कामावर. गावजेवण झालं. पंगतीत जाऊबाईंनी केळं खाल्लं आणि दुसऱ्याला हात घातला, तेव्हा भाऊ म्हणाले, पुरे. पावऱ्यांची पंगत वेगळी होती, आंब्याखाली. मी वाढायला गेले, बाकी कोणी गेलं नाही.

आज जळगावला कंपनीचा कार्यक्रम. जिल्ह्यातली पहिली महिला एजंट म्हणून माझा सत्कार, भिंतीवरचं घड्याळ, हार. साहेब भाषणात म्हणाले, पुष्पाताईंच्या यावल कॅम्पातून एका गरिबाचे प्राण वाचले, हीच विम्याची खरी सेवा. टाळ्या. मी उठून म्हटलं, "साहेब, पुढचा कॅम्प सातपुड्याच्या पायथ्याला घ्या. डॉक्टर म्हणतात तिथे हे पोत्याने आहे." लोक कौतुकाने हसले. साहेब खाली बसता बसता माझ्या कानाशी म्हणाले, "ताई, तिथे पॉलिसी कोण घेणार?"

एसटीतून उतरून घरी आले तर जमना ओट्यावर बसलेली. बरोबर तिची धाकटी बहीण, नानी. चौदा-पंधराची असेल. ओट्याच्या दोन पायऱ्या चढून आली होती आणि खांबाला धरून श्वास घेत होती. तोंड उघडं. मला विचारावंच लागलं नाही. आता मला तो श्वास ओळखू येतो.

जमना माझ्या हातातला हार पाहत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, इले बी तसाच दम लागस. इले कोना नाववर दखाडू?"

कोणाच्या नावावर दाखवू. तिला वाटतं, दाखवायची रीतच ती आहे. आमश्या बरा झाला तो भाऊंच्या नावाने आत गेला म्हणून. नानीलाही एखादं नाव पाहिजे, एखाद्या बागायतदाराच्या लेकीचं, आणि ते माझ्याकडे असेल. तिचं चुकलं कुठे, ते मी शोधत राहिले आणि मला सापडेना.

"तिच्याच नावावर," मी म्हटलं.

जमना हसली. तिला वाटलं, मी थट्टा करते आहे.